वायू, उदक, देश, काल : ग्रीसच्या बेटावर किनारा निवडताना

गेल्या दोन वर्षांत आपल्या संस्थेच्या निदान सहा-सात सभासदांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला आहे. "ताई, आम्ही ग्रीसला निघालो आहोत. तुम्ही जाऊन आलात. बेटावरचे कोणकोणते किनारे पाहावेत, तेवढे सांगा." प्रत्येकाला मी घाईघाईने चार नावे सांगितली आणि प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर वाटत राहिले, की जे खरोखर सांगायचे होते तेच राहून गेले. स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा म्हटले, ते राहिलेलेच लिहून काढावे. हे प्रवासवर्णन नव्हे. ते लिहिणारे आपल्यात माझ्याहून समर्थ लोक आहेत. हे माझे एक मत आहे आणि ते बनण्यास माझी स्वतःची एक चूक कारणीभूत झाली आहे.

आपण इंदूरकर. आपल्या लेखी पाणी म्हणजे नर्मदा. नदीशी कसे वागावे याची रीत आपल्याला वडीलधाऱ्यांनी घालून दिलेली आहे. महेश्वरला कोणत्या घाटावर उतरावे, कोणत्या पायरीपुढे जाऊ नये, पाणी गढूळ होऊ लागले की मुलांना वर कसे बोलवावे, हे आपण न शिकविता शिकलो. ही रीत विसरली की काय होते, हेही आपण पाहिले आहे. २०११ च्या जुलैत पातालपाणी धबधब्यावर सहलीला गेलेली माणसे अचानक आलेल्या लोंढ्यात सापडली, ते दृश्य या शहरातील कोणी विसरलेले नाही. समुद्राबाबत मात्र अशी कोणतीही रीत आपल्या घरांत नाही. वर्षा-दोन वर्षांनी गोव्याची एखादी फेरी, एवढाच आपला समुद्राशी संबंध. त्यामुळे किनारा आपल्याला ठाऊक असतो तो चित्रातून, आणि निवडतो तोही आपण चित्रावरूनच.

आम्हीही तेच केले. २०२२ च्या जुलैत माझी मुलगी, जावई आणि पाच वर्षांची नात स्टुटगार्टहून आणि आम्ही उभयता इंदूरहून, असे सर्वजण आठ दिवसांसाठी कोस या बेटावर एकत्र आलो. बेटाची निवड माझ्या यजमानांची. ते भूलतज्ज्ञ. कोस हे हिप्पोक्रेटिसचे जन्मस्थान. दोन डॉक्टरांनी ग्रीसपर्यंत जाऊन ते टाळणे म्हणजे पुण्यापर्यंत जाऊन आळंदी-देहू न करता परतण्यासारखे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो बिनतोड होता. किनाऱ्यांची निवड मात्र जावईबापूंनी केली. त्यांनी संगणकावर एक सुबक तक्ता तयार केला होता. सात दिवसांत अकरा किनारे! प्रत्येकापुढे छायाचित्र, हॉटेलपासूनचे अंतर आणि पर्यटकांनी बहाल केलेले तारे. सासूने जावयाच्या कामात खोड काढू नये, ही शिकवण मी कटाक्षाने पाळते. शिवाय खरे सांगायचे तर तो तक्ता पाहून मलाही कौतुकच वाटले होते.

अशा तक्त्यांत काय नसते, हे आज मला कळते. झाकिंथोस बेटावरील नवाजिओचा किनारा घ्या. उंच पांढरे कडे, निळे पाणी आणि वाळूत रुतलेले, १९८० साली तेथे लागलेले एक गंजके जहाज. ग्रीसच्या प्रत्येक जाहिरातीत हे चित्र असते. त्याच कड्याचा काही भाग २०१८ च्या सप्टेंबरात खाली कोसळला आणि किनाऱ्यावरचे पर्यटक जखमी झाले. पुढे तेथे उतरण्यासच बंदी घालण्यात आली. चित्रात कडा सुंदर दिसतो. तो ठिसूळ आहे, हे चित्रातून कळण्याचा मार्ग नाही.

कोसला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही शहरापासून चार किलोमीटरवर असलेले अस्क्लेपिऑन पाहिले. डोंगराच्या उतारावर एकावर एक रचलेल्या चौथऱ्यांचे हे प्राचीन आरोग्यधाम. हिप्पोक्रेटिसचा जन्म इसवी सनापूर्वी ४६० च्या सुमाराचा. ही वास्तू त्याच्या मृत्यूनंतरची. तेथून खाली समुद्र आणि पलीकडचा तुर्कस्तानचा किनारा दिसतो. तेथे उभे असता यजमानांनी हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या 'वारे, पाणी आणि स्थळे' या ग्रंथाची आठवण काढली. परक्या गावी गेलेल्या वैद्याने प्रथम ते गाव वाऱ्याच्या आणि सूर्योदयाच्या संदर्भात कसे वसले आहे ते पाहावे, पाणी कसे आहे ते पाहावे, जमीन उघडी आहे की झाडीची ते पाहावे, मग तेथील रोगांविषयी बोलावे, असा त्या ग्रंथाचा आरंभ आहे. मला लगेच आपली चरकसंहिता आठवली. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी बिघडल्या की गावेच्या गावे आजारी पडतात, असे सांगितले आहे. ग्रीक ग्रंथाच्या नावात तीन, आपल्याकडे चार. आम्ही दोघांनी या साम्यावर बराच वेळ विद्वत्तापूर्ण चर्चा केली. दुसऱ्या दिवशी समुद्रावर जाताना मात्र त्यातले एक अक्षरही आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात नव्हते.

त्या सकाळी वारा जोरात सुटला होता. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून एक कोरडा वारा वाहतो. त्याला तेथे 'मेल्तेमी' म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वाधिक असतो. आकाश मात्र स्वच्छ निळे राहते, त्यामुळे आपल्यासारख्या, वारा आणि ढग यांची जोडी मनात पक्की असलेल्या माणसाला त्यात काही वावगे दिसत नाही. कोस हे लांबट बेट आहे. त्याच्या उत्तरेकडील तिगाकी, मार्मारी, मास्तिहारी या किनाऱ्यांवर हा वारा समुद्राकडून येतो आणि लाटा उसळतात. आमचे हॉटेल उत्तरेच्या बाजूला होते. "आज इकडे लाटा आहेत, दक्षिणेकडे जा, तिकडे पाणी तळ्यासारखे असते," असे तेथे कोणीतरी म्हणाले, आणि ते अक्षरशः खरे होते. आम्ही बेट ओलांडून दक्षिण किनाऱ्यावर गेलो. किनाऱ्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. समुद्र तेल ओतल्यासारखा संथ होता. मी स्वतः म्हणाले, "बालरोगतज्ज्ञाने पसंत करावा असा किनारा आहे!"

नातीसाठी वाटेत एक हवेचा गुलाबी फ्लेमिंगो घेतला होता. गुडघाभर पाण्यात ती त्याच्यावर बसली आणि जावयांनी त्याची मान धरली. फोटो काढावा म्हणून त्यांनी ती सोडली आणि मुलीच्या हातून फोन घेण्यासाठी चार पावले मागे आले. एवढाच वेळ. वळून पाहतात तो फ्लेमिंगो वीस-पंचवीस हात दूर गेलेला. ते पळत पाण्यात शिरले, छातीभर पाण्यात पोहोचले, पोहू लागले. पण ते जितके पुढे जात त्याहून वेगाने तो हलका फुगा पुढे सरकत होता. नात घाबरली नव्हती. ती आम्हाला हात हलवून दाखवीत होती. मी काठावर पीच कापीत बसले होते. हातातील सुरी खाली ठेवावी हेही मला सुचले नाही. तीस वर्षे शाळाशाळांतून आणि पालकसभांतून मी सांगत आले आहे, की बुडणारे मूल ओरडत नाही, ते शांतपणे जाते, म्हणून पाण्याजवळ डोळा हटवू नका. ते सांगणारी मी त्या क्षणी केवळ एक निरुपयोगी आजी होते.

बाजूला जलक्रीडेच्या होड्या भाड्याने देणारा एक तरुण होता. आम्ही ओरडण्याआधीच त्याने यंत्राची होडी पाण्यात लोटली होती. पाच-सात मिनिटांत तो तिला घेऊन परतला. आमच्या हिशेबाने ती पाच मिनिटे कोणत्याही शस्त्रक्रियेपेक्षा लांब होती. नातीला काही झाले नाही. फ्लेमिंगोची हवा काढल्यावरच ती रडली. त्या तरुणाने पैसे घेतले नाहीत. यजमान आभार मानू लागले तेव्हा त्याने फक्त मागच्या खांबावरील झेंड्याकडे बोट दाखविले. झेंडा जमिनीकडून समुद्राकडे ताठ फडफडत होता.

खारे वारे आणि मतलई वारे आपण सर्वांनी शाळेच्या भूगोलात पाठ केले आहेत. खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे येतात, मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात. मेल्तेमी हा काही रोज दिवसरात्र पालटणारा मतलई वारा नव्हे. पण बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर तो नेमका त्याच दिशेने वाहतो. डोंगर आणि जमीन यांच्या आडोशामुळे काठाजवळ लाट उठत नाही आणि पाणी आरशासारखे दिसते. पण वर तरंगणारी प्रत्येक हलकी वस्तू तो खुल्या समुद्राकडे ढकलीत असतो. उत्तर किनाऱ्यावरील लाटा निदान दिसतात आणि माणूस सावध होतो. दक्षिणेच्या संथ पाण्याने आम्हाला सावध होण्याचे कारणच दिले नाही. म्हणून वायूविषयी माझे मत आता पक्के आहे: वारा आपल्या पाठीमागून येऊन समुद्राकडे जात असेल, तर पोहणाऱ्या मोठ्या माणसांनी काठाजवळ राहावे आणि मुलांसाठी फुगवायची कोणतीही वस्तू पाण्यात नेऊ नये. दोरीने बांधूनही नको. हे तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. झेंडा, छत्रीची झालर किंवा ओला केलेला एक रुमाल पुरतो.

त्या संध्याकाळी जावईबापूंनी स्वतःच तक्ता मिटवला. "आई, आता तुम्ही ठरवा," असे ते म्हणाले. मी आणि यजमानांनी मिळून मग अस्क्लेपिऑनमधील चर्चा पुन्हा काढली. या वेळी उपयोगासाठी.

आता उदक. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर प्रथम विचारावे लागते ते भरती-ओहोटीचे. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी इतका थोडा असतो की पर्यटकाला तो जाणवतही नाही. आपल्याला हा मोठा दिलासा वाटतो, पण त्यामुळे लक्ष वाऱ्यावरून उडते, हा त्याचा तोटा. दुसरे, तळाचा उतार. तिगाकीला वाळूचा तळ फार हळूहळू खोल होत जातो. बरेच अंतर चालले तरी मोठ्या माणसाच्या कमरेइतकेच पाणी लागते. गोट्यांच्या किनाऱ्यांवर तळ अनेकदा चार पावलांत सुटतो. तिसरे, पाण्याची शुद्धता. युरोपात स्नानाच्या पाण्याची नियमित तपासणी होते, त्यातील ई. कोलाय आणि एन्टेरोकोकाय मोजले जातात आणि त्यानुसार उत्कृष्टपासून निकृष्टपर्यंत श्रेणी दिली जाते. 'निळा झेंडा' हे मानचिन्ह त्याहून थोडे अधिक सांगते: पाणी, स्वच्छता, माहितीफलक, जीवरक्षणाची साधने. ग्रीसमध्ये असे किनारे सहाशेहून अधिक आहेत. निळा झेंडा दिसला की पाणी पोटात गेले तरी जुलाबाची फारशी भीती नाही, असे मी म्हणेन. पण तो झेंडा हंगामासाठी दिलेला असतो. आजचा वारा तो सांगत नाही.

कोसच्या पाण्याची आणखी दोन वैशिष्ट्ये मुलांना फार आवडतात. केफालोसच्या आखाताजवळील पॅरडाइज किनाऱ्यावर समुद्रतळातून ज्वालामुखीजन्य वायूचे बुडबुडे वर येतात. शेजारचे निसिरोस बेट म्हणजे एक जागृत ज्वालामुखीच आहे. दुसरे स्थळ म्हणजे शहराच्या पूर्वेकडील एम्ब्रोस थेर्मेस. येथे गंधकाचा वास असलेला गरम झरा डोंगरातून निघून थेट समुद्रात पडतो. मोठमोठे दगड रचून त्याभोवती कुंडासारखी जागा केली आहे, आणि त्यात कढत पाणी व समुद्राचे गार पाणी मिसळते. सांधेदुखीवाल्या आजी-आजोबांना हे स्वर्गसुख. पण जेथे झरा पडतो तेथे लहान मुलाची कातडी पोळू शकते. न्हाणीघरात बाळाचे पाणी आपण कोपराने पाहतो, तसेच येथे पाहावे आणि मुलाला झऱ्यापासून दूर, समुद्राच्या बाजूला ठेवावे. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ तर मोठ्यांनीही बसू नये.

देश म्हणजे जागा. जागेचे सौंदर्य पाहू नये, असे मी कसे म्हणेन? केफालोसच्या आखातातील आयिओस स्तेफानोसचा किनारा मला सर्वांत आवडला. पाण्याला लागून आरंभीच्या ख्रिस्ती काळातील प्रार्थनामंदिरांचे अवशेष, तुटलेले खांब. आणि समोर पोहून जाण्याजोग्या अंतरावर कास्त्री नावाचे इवलेसे बेट, त्यावर संत निकोलसचे छोटे देऊळ. दर्यावर्दींचा हा रक्षणकर्ता संत. यजमान वारा पडलेला पाहून सकाळी तेथपर्यंत पोहून आले. मी नातीसह खांबांच्या सावलीत वाळूचा किल्ला केला. पण हा किनारा बेटाच्या दूरच्या टोकाला आहे, आणि बेटाचे सरकारी रुग्णालय कोस शहरात, सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. हृदयविकाराचा किंवा दम्याचा रुग्ण सोबत असेल तर हे अंतर किनाऱ्याच्या गुणांतच मोजावे लागेल. जीवरक्षक आहे का, आणि असल्यास किती वाजेपर्यंत, हे पोहोचताक्षणी पाहावे. सावली आहे का? अनेक ग्रीक किनाऱ्यांवर झाऊची झाडे असतात; लहान मुलासाठी ती कोणत्याही छत्रीहून चांगली. खडकाळ तळावर समुद्री साळींदर, म्हणजे काटेरी अर्चिन असतात, म्हणून पायांत रबरी बूट हवेत.

जागेतील आणखी एक गोष्ट म्हणजे बसायचे कोठे. भाड्याच्या खुर्च्या-छत्र्यांनी किनारे इतके व्यापले होते की २०२३ साली पारोस बेटावरील रहिवाशांनी टॉवेल घेऊन आंदोलन केले. त्यानंतर २०२४ मध्ये ग्रीसने कायदा केला: भाड्याने दिलेल्या किनाऱ्याचा निदान अर्धा भाग मोकळा ठेवायचा आणि खुर्च्या पाण्यापासून चार मीटर दूर ठेवायच्या. याकडे मी बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने पाहते. छत्र्यांच्या तिसऱ्या रांगेत बसलेल्या आईला पाण्यातले मूल दिसत नाही. मोकळ्या वाळूवर, पाण्याच्या कडेला चटई टाकून बसले की ते दिसते, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

राहिला काल, चरकाच्या यादीतील चौथा. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा, आणि तक्त्यांत तो कधीच नसतो. मेल्तेमी बहुधा सकाळी मंद असतो, दुपारी चढतो आणि रात्री ओसरतो. म्हणजे सकाळी नऊचे तिगाकी आणि दुपारी तीनचे तिगाकी हे दोन वेगळे किनारे आहेत. पहिला पाच वर्षांच्या मुलीचा, दुसरा वाऱ्यावर शीड धरून फळीवरून पळणाऱ्या जवान मुलांचा. उन्हाचेही तसेच. अकरा ते चार या वेळात लहान मूल वाळूवर असू नये, मग त्वचेवर कोणतेही मलम लावलेले असो. महिन्यांची निवड हाती असेल तर जून किंवा सप्टेंबर घ्यावा. सप्टेंबरात पाणी उबदार असते आणि वाऱ्याचा जोरही उतरू लागतो. शाळेच्या सुट्ट्यांमुळे आमच्या हाती ती नव्हती. म्हणून आम्ही उरलेल्या दिवसांसाठी अकराऐवजी तीनच किनारे ठेवले: सकाळी तिगाकी, एक दिवस आयिओस स्तेफानोस, आणि एका संध्याकाळी गरम झरा. तिगाकीला तर आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या वेळेपर्यंत नातीला तेथील वाळूचा उंचवटा, खेकड्याचे बीळ आणि आइस्क्रीमवाल्याची वेळ, सारे पाठ झाले होते.

यावर आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो घरातच घेतला गेला. मुलगी म्हणाली, "आई, सुट्टीतसुद्धा डॉक्टरकी? इतका विचार करायचा तर घरीच बसावे." या म्हणण्यात तथ्य आहे. भयाने पछाडलेला माणूस कोठेच जात नाही, आणि मुलांना पाण्यापासून दूर ठेवणे हा उपाय तर मुळीच नव्हे. पाण्याची ओळख नसलेले मूलच अधिक धोक्यात असते. पण विचार करायला लागली ती आमची पाच मिनिटे. त्यानंतरचे पाच दिवस आम्ही निर्धास्त होतो. उलट त्या तक्त्याप्रमाणे रोज दोन किनारे गाठताना आमचा अर्धा दिवस मोटारीत आणि उरलेला फोटोत गेला असता. ज्या किनाऱ्याला आपण दोनदा जातो त्याचीच आपल्याला काही ओळख होते.

शेवटच्या संध्याकाळी मी आणि यजमान दोघेच कोस शहराच्या उत्तरेकडील लांबीच्या किनाऱ्यावर गेलो. तक्त्यात तो नव्हता. पाहण्यासारखे तेथे विशेष काही नाही. समोर तुर्कस्तानची बोद्रुमची भूमी अगदी जवळ दिसते. सर्वांत अरुंद जागी मधले अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर आहे. अंधार पडला की पलीकडच्या घरांचे दिवे दिसू लागतात. याच पाण्यात २ सप्टेंबर २०१५ रोजी, बोद्रुमहून कोसकडे निघालेली एक लहान रबरी होडी उलटली. तीत सीरियातून निघालेले एक कुर्दी कुटुंब होते. अलान कुर्दी हा त्यातील धाकटा मुलगा, माझ्या नातीहूनही लहान. त्याची आई आणि थोरला भाऊही बुडाले. तुर्की किनाऱ्यावर वाळूत पालथ्या पडलेल्या अलानचे छायाचित्र जगाने पाहिले. आपणही पाहिले आहे.

मी त्या किनाऱ्यावर बराच वेळ उभी होते. एकाच पाण्यात दोन मुले, दोघेही हवा भरलेल्या रबरावर. एकासाठी काठावर होडी तयार होती. त्या आई-बापाने कोणता किनारा निवडावा, कोणत्या वेळी निघावे, वारा कोठून आहे, यातले काहीही त्यांच्या हाती नव्हते. मला हे सारे निवडता येत होते आणि मी ते एका छायाचित्रावर सोपवले होते. या विचाराची लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली, आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. यातली बहुसंख्य मुले सुट्टीवर गेलेली नव्हती. ती घराजवळच्या तळ्यात, कालव्यात, नदीत आणि टाकीत गेली. आपल्या माळव्यातील विहिरी आणि नर्मदेचे डोह त्यांतच आले.

म्हणून एक सूचना करते. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी आपल्या संस्थेच्या एखाद्या सभेत एक तास सभासदांच्या कुटुंबीयांसाठी ठेवावा. बुडालेल्या मुलाला बाहेर काढल्यावर प्रथम तोंडाने श्वास द्यायचे आणि मग छातीदाब, हे आपल्या मुलांना, सुनांना, जावयांना आणि ड्रायव्हरलाही यावे. आपल्यातील निम्म्याहून अधिक घरांत हे फक्त डॉक्टरलाच येते, आणि डॉक्टर नेमका पीच कापीत बसलेला असतो.

आणि यापुढे कोणी मला फोन करून ग्रीसचे किनारे विचारले, तर नावे मी सांगेन, पण शेवटी. आधी आपण बाह्यरुग्ण विभागात जे विचारतो तेच विचारीन: सोबत कोण कोण आहे, सर्वांत लहानाचे वय काय, सर्वांत वृद्धाची प्रकृती कशी, पोहता कोणाला येते, कोणत्या महिन्यात निघालात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पाण्यात उतरणार आहात. ही उत्तरे हाती आली की दोन किनारे पुरतील. तेथे पोहोचल्यावर मोटारीतून उतरून सामान काढण्यापूर्वी एवढे करा, की मुलांच्या हाती एक ओला रुमाल द्या आणि वारा कोठून कोठे जातो आहे, ते त्यांनाच सांगायला लावा.